लव्हिंग काउंटी : माणसं कमी, मोजदाद फार

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. त्यांतली एकच अशी आहे, जी एकदा स्थापन झाली, चार वर्षांत मोडीत निघाली आणि पुढे चौतीस वर्षांनी पुन्हा उभी राहिली. तिचं नाव लव्हिंग. २०२० च्या जनगणनेत तिथे ६४ माणसं भरली आणि अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक काउंट्यांमध्ये हा सगळ्यात लहान आकडा ठरला. हवाई बेटांवरची कलावाओ काउंटी म्हणजे जुनी कुष्ठरुग्णांची वसाहत. तीसुद्धा त्या वर्षी ८२ वर होती.

लव्हिंगचं नाव बातम्यांत येतं ते बहुतेक वेळा या आकड्याची गंमत म्हणून. एवढ्याशा लोकांना शेरीफ (म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख) कशाला आणि कोर्ट कशाला, असा तो सूर असतो. पण कोणाला इथला रहिवासी म्हणायचं, हा प्रश्न या काउंटीत पहिल्या दिवसापासून पैशाशी बांधलेला आहे. त्यासाठी आधी काउंटी म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. आपल्या जिल्ह्याशी तिची तुलना होते खरी, पण इथे वरून नेमून आलेला कलेक्टर नसतो. काउंटी जज (नाव न्यायाधीशाचं असलं तरी काम मुख्यतः कारभाऱ्याचं), चार कमिशनर, शेरीफ, क्लार्क (काउंटीचं दप्तर सांभाळणारा) हे सगळे निवडून येतात. काउंटीचा मालमत्ता करही यांतले जज आणि कमिशनरच ठरवतात. म्हणजे पन्नास-साठ मतं ज्याच्या बाजूला, त्याच्याकडे तिजोरीची किल्ली.

काउंटी टेक्सासच्या पश्चिम टोकाला आहे. उत्तरेला न्यू मेक्सिको राज्य, नैऋत्येला पेकोस नदी. क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तर त्यांच्या जवळजवळ तिप्पट. माणशी सत्तावीस चौरस किलोमीटर जमीन वाट्याला येते, पण त्या जमिनीत काही पिकत नाही. चिवावाच्या वाळवंटाचा हा कडेचा पट्टा. पाऊस वर्षाला दहा इंचांच्या आसपास. सपाट माळ, त्यावर क्रिओसोटची झुडपं आणि मेस्क्विट. हे मेस्क्विट म्हणजे आपल्याकडे पडीक रानात माजलेल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. नदी आहे, पण तिचं पाणी वरच्या अंगाच्या खाऱ्या झऱ्यांमुळे मचूळ. जमिनीखालचं पाणीही फारसं गोड नाही, त्यामुळे कित्येक दशकं प्यायचं पाणी बाहेरून टँकरने आणावं लागायचं. १९३६ मध्ये पेकोसवर रेड ब्लफ धरण झालं, तेही मुख्यतः खालच्या अंगाच्या शेतीसाठी.

पाण्याचा हा शोध काउंटीच्या आधीपासूनचा आहे. स्पॅनिश प्रवासी अँटोनियो दे एस्पेहो १५८३ मध्ये पेकोसच्या काठाने गेला. त्यानंतरची अडीचशे वर्षं हा मुलूख अपाचे आणि कोमांची लोकांच्या फिरण्याचा राहिला. पॅसिफिकपर्यंत रेल्वे नेता येईल का, हे पाहायला अमेरिकी सैन्याचा कॅप्टन जॉन पोप आला आणि १८५५ ते १८५८ या काळात त्याने पेकोसजवळ तळ ठोकून खोल विहिरी खोदून पाहिल्या. पाणी आपसूक उसळून वर येईल अशी त्याची कल्पना होती. ते आलं नाही. तळाचा उपयोग पुढे बटरफील्ड कंपनीच्या टपालगाड्यांचा थांबा म्हणून झाला, तोही थोडाच काळ.

मग आली गुरं. यादवी युद्ध संपल्यावर टेक्सासमध्ये गुरं उदंड होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. ऑलिव्हर लव्हिंग आणि चार्ल्स गुडनाइट या दोघांनी १८६६ मध्ये ती पेकोसच्या काठाकाठाने हाकत न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नरला नेली. तिथे सरकारने हजारो नवाहो आणि अपाचे लोक डांबून ठेवले होते आणि त्यांना पोसायला मांस हवं होतं. धंदा उत्तम चालला. पुढच्याच वर्षी लव्हिंग एका जोडीदाराला घेऊन कळपाच्या पुढे निघाला असताना पेकोसकाठी कोमांचींनी त्यांना गाठलं. हाताला आणि कुशीत गोळी लागलेला लव्हिंग कसाबसा फोर्ट सम्नरला पोचला, पण हाताची जखम सडली आणि २५ सप्टेंबर १८६७ रोजी तो गेला. परक्या मातीत पुरू नका, असं त्याचं शेवटचं मागणं होतं. गुडनाइटने ते पाळलं. तेलाचे रिकामे डबे ठोकून सपाट केलेल्या पत्र्याची मोठी पेटी झाळून तयार केली, शवपेटी तिच्यात ठेवून भोवती कोळशाची पूड भरली आणि शेकडो मैल गाडीतून ती टेक्सासमधल्या वेदरफर्डला नेली. ज्या मुलखाला पुढे त्याचं नाव मिळालं, तिथे लव्हिंगने घरही बांधलं नव्हतं. तो तिथून गुरं घेऊन गेला, एवढाच संबंध.

१८८७ मध्ये टॉम ग्रीन काउंटीचा तुकडा पाडून नकाशावर लव्हिंग काउंटी आखली गेली. आखणं वेगळं आणि कारभार सुरू होणं वेगळं. पुरेसे मतदार जमेपर्यंत ती शेजारच्या रीव्हज काउंटीला जोडलेली राहणार होती. १८९० च्या जनगणनेत तिथे किती माणसं होती? तीन.

आणि १८९३ मध्ये, म्हणजे तीनच वर्षांनी, स्वतंत्र कारभार मागणारा अर्ज दाखल झाला. त्यावर दीडशे सह्या होत्या.

अर्जामागे डेन्व्हरहून आलेली काही मंडळी होती. पेकोसचं पाणी कालव्याने माळावर खेळवू, जमिनीचं सोनं करू, असं सांगत त्यांनी लव्हिंग कॅनॉल अँड इरिगेशन कंपनी काढली होती. काउंटी हातात आली की कर बसवता येतो, कर्जरोखे काढता येतात. करदाते होते ते दूर राहणारे जमीनमालक, ज्यांनी ही जमीन कधी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. ८ जुलै १८९३ ला निवडणूक झाली आणि ८३ मतं पडल्याची नोंद झाली. मेंटोन हे मुख्यालय ठरलं, अधिकारी निवडून आले, कागद रंगले. कालवा मात्र कागदाबाहेर पडला नाही. ज्यांच्या जमिनींवर कर बसला ते तक्रारी घेऊन उभे राहिले. एवढे मतदार आले कुठून, ही चौकशी सुरू झाली तेव्हा उत्तर द्यायला कोणी जागेवर नव्हतं. १८९७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने काउंटीचा कारभार रद्द केला आणि लव्हिंग पुन्हा रीव्हजच्या पदराला बांधली. बोगस मतदार आपल्याला नवे नाहीत, पण आख्खी काउंटीच बोगस, ही कामगिरी जरा वरच्या पट्टीतली.

त्यानंतर थोडी खरी माणसं आली. १९०० मध्ये ३३ आणि १९१० मध्ये २४९. स्वस्त जमीन घेऊन नशीब काढायला आलेली ही शेतकरी कुटुंबं. नदीकाठी पोर्टरव्हिल नावाचं गाव वसलं. १९१० च्या सुमारास बांधलेलं तिथलं लाकडी चर्च पुढे उचलून मेंटोनला नेलं आणि काउंटीतली सर्वांत जुनी इमारत म्हणून ते आज ओळखलं जातं. पण अवर्षणाने बहुतेकांची कंबर मोडली. १९२० मध्ये आकडा ८२ वर आला होता.

चित्र पालटलं ते पुढच्याच वर्षी. १९२१ मध्ये टोया-बेल ऑइल कंपनीला इथे तेल लागलं.  तीसच्या दशकाच्या तोंडावर माळावर विहिरींच्या बुरुजांची रांग उभी राहिली आणि तंबूंची, पत्र्याच्या खोल्यांची वस्ती झाली. १९३१ मध्ये काउंटीचा कारभार दुसऱ्यांदा सुरू झाला. टेक्सासमध्ये सर्वांत शेवटी संघटित झालेली ही काउंटी. जुनं मेंटोन केव्हाच उठून गेलं होतं. नव्या मुख्यालयाचं नाव आधी रॅम्झी होतं, ते बदलून पुन्हा मेंटोनच ठेवलं. १८९३ चा कारभार लबाडीचा, पण नाव तेवढं टिकलं. १९३३ च्या आसपास काउंटीत सहाशेच्या घरात माणसं होती, आजवरची सर्वाधिक. हॉटेलं, खानावळी, औषधाची दुकानं, न्हावी, पेट्रोल पंप, सगळं होतं. १९३५ मध्ये विटांचं कोर्ट बांधलं, ते अजून वापरात आहे.

पण तेलाची विहीर एकदा लागली की तिला माणसं लागत नाहीत. खोदणारे पुढच्या विहिरीवर जातात आणि मागे उरतो खालीवर डोकं हलवणारा पंप. चांगले रस्ते आणि मोटारी आल्यावर उरलेल्या कामगारांनाही कर्मिट किंवा पेकोससारख्या शेजारच्या गावात राहून येणं-जाणं सोयीचं झालं. १९४० मध्ये २८५, १९५० मध्ये २२७, १९७० मध्ये १६४, १९८० मध्ये ९१. विद्यार्थी दोनच उरल्यावर १९७२ मध्ये शाळा बंद झाली आणि मुलं शेजारच्या विंकलर काउंटीतल्या विंक गावच्या शाळेत जाऊ लागली. बँक नाही, दवाखाना नाही, धड दफनभूमीही नाही.

याच ओसरत्या काळातली एक नोंद मात्र ठसठशीत आहे. जानेवारी १९४५ मध्ये शेरीफचं पद रिकामं झालं आणि त्यावर एडना रीड क्लेटन यांची नेमणूक झाली. पुढे त्या त्याच पदावर रीतसर निवडून आल्या. टेक्सासमधल्या निवडून आलेल्या पहिल्या महिला शेरीफ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी कधी बंदूक बाळगली नाही आणि सगळ्या कारकिर्दीत अटका केल्या फक्त दोन. लग्नानंतर त्या एडना डिवीज झाल्या आणि नंतरची बरीच वर्षं काउंटीच्या क्लार्क होत्या. एवढ्या छोट्या जागी पदं फिरतात ती त्याच चार घरांत. त्याला घराणेशाही म्हणायचं की माणसांची टंचाई, हे म्हणणारा कोणत्या घरातला आहे त्यावर ठरतं.

२००० च्या जनगणनेत आकडा ६७ वर घसरला आणि बाहेरच्यांचे डोळे चमकले. सरकारचा हस्तक्षेप नको असलेल्या लिबर्टेरियन विचारांच्या एका गटाने हिशेब मांडला की दोन-चार डझन माणसं इथे येऊन राहिली तर शेरीफपासून जजपर्यंत सगळं आपलंच. स्थानिकांनी आणि शेरीफने त्यांना थारा दिला नाही, जमीनखरेदीचे त्यांचे दावे टिकले नाहीत आणि बेत बारगळला. पण हिशेब चुकीचा नव्हता. १८९३ च्या डेन्व्हरवाल्यांनीही तोच मांडला होता, फक्त त्यांनी प्रत्यक्ष माणसं आणण्याची तसदी घेतली नाही.

२०१० नंतर आडव्या विहिरी आणि फ्रॅकिंग (वाळूमिश्रित पाणी दाबाने सोडून खडक फोडणं) यांनी हा माळ पुन्हा पेटला. लव्हिंग ज्या डेलावेअर खोऱ्यावर बसली आहे, ते आज अमेरिकेतल्या सर्वांत सुपीक तेलपट्ट्यांपैकी एक आहे आणि सर्वाधिक तेल काढणाऱ्या काउंट्यांत लव्हिंगचं नाव घ्यावं लागतं. भारतात जमिनीखालचं तेल सरकारचं. टेक्सासमध्ये ते बहुतांशी खासगी मालकाचं आणि त्यावर घराजमिनीसारखाच मालमत्ता कर लागतो. त्यामुळे काउंटीच्या तिजोरीत येणारा पैसा आणि ज्यांच्यावर तो खर्चायचा ती माणसं यांचा काही मेळच राहिलेला नाही. हायवे ३०२ वर वाळू आणि पाणी वाहणाऱ्या ट्रकांची रीघ असते. तेलाबरोबर त्याच्या कितीतरी पट खारट पाणी वर येतं, ते पुन्हा जमिनीत खोल दाबावं लागतं. १६ नोव्हेंबर २०२२ ला या भागात ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा अशा विहिरींवर बोट ठेवलं गेलं. धक्क्याचं केंद्र काउंटीबाहेर पश्चिमेला होतं, तरी बातमीत नाव आलं मेंटोनचं, कारण त्या भागात ठिकाण सांगायला दुसरं गाव जवळ नाही.

या तेजीत हजारो कामगार काउंटीत ये-जा करतात, कित्येक जण महिनोन्महिने ट्रेलरमध्ये आणि कंपन्यांच्या छावण्यांत राहतात. तरी २०२० ची जनगणना म्हणते ६४. कारण जनगणना माणसाला मोजते ते त्याच्या नेहमीच्या घरी, आणि या लोकांची घरं दुसरीकडे. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत मात्र लव्हिंगमध्ये ६६ मतं पडली. मोजलेल्या माणसांपेक्षा दोन जास्त, आणि त्या माणसांत लहान मुलंही आली.

यात लगेच १८९३ ची पुनरावृत्ती शोधायला नको. टेक्सासच्या निवडणूक कायद्यानुसार मतदाराचा रहिवास म्हणजे त्याचं ते घर, जिथे तात्पुरतं बाहेर गेल्यावर परत येण्याचा त्याचा इरादा असतो. इरादा कोणी बघितलाय? पिढीजात गुरांचा वाडा लव्हिंगमध्ये, पण मुलांची शाळा, बाजार आणि संसार शेजारच्या काउंटीत, अशा कुटुंबातला माणूस परत येण्याचा इरादा सांगतो आणि मत देतो. छावणीतला कामगार वर्षभर तिथेच झोपत असला तरी त्याला परत जायचं असतं त्याच्या गावी, म्हणून त्याचं नाव यादीत नसतं. एखाद-दुसऱ्या मताने जागा फिरते तिथे हा वाद कोर्टात न गेला तरच नवल. तिथे साक्षीपुरावा चालतो तो अमका रात्री कुठे झोपतो, त्याची गाडी कोणत्या दारात उभी असते आणि त्याची पत्रं कोणत्या पत्त्यावर येतात याचा.