बर्गरच्या आधी पाव: मुंबईच्या रस्त्यावरच्या खाण्यामागची पार्श्वभूमी

मुंबईत चांगला बर्गर कुठे मिळतो असं कोणी विचारलं की दोन मिनिटांत गाडी वडापाववर येतेच. कोणीतरी म्हणणारच की आपला वडापाव हाच खरा बर्गर, मग दादर की पार्ले, कीर्ती कॉलेज की छबिलदासची गल्ली, आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. वड्यावरून आपण तासभर भांडू शकतो पण तो पाव कुठून आला, कोण भाजतं, हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते मुंबईच्या रस्त्यावरच्या खाण्याची खरी स्टोरी त्या पावातच आहे. वडा, भाजी, खिमा, ऑम्लेट, पॅटी हे सगळे नंतर राहायला आलेले भाडेकरू.

पाव आणला पोर्तुगीजांनी. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतलं, 1534 च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि मुंबईची बेटं मिळवली, आणि भाकरी-भाताच्या मुलखात भट्टी लावली. यीस्ट कुठून आणणार, तर गोव्यात पीठ माडी म्हणजे नारळाची ताडी घालून आंबवायचे. पावाची बदनामी पण तेव्हापासूनचीच. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलं म्हणून अख्खं गाव बाटलं, अशा गोष्टी वसई-गोव्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. वर पीठ पायाने तुडवतात ही अफवा होतीच, त्यामुळे कित्येक मराठी घरांत पाव हा आजारी माणसाने चहात बुडवून खायचा नाहीतर बाहेरच्या बाहेर उरकायचा प्रकार होता. ‘बाहेरच्या बाहेर’ हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिथेच घडलाय.

1661 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांकडे गेली आणि शहर वाढत गेलं तसे पोटापाण्यासाठी गोव्यातून आलेले लोक इथल्या बेकऱ्यांत दिसायला लागले. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे इराणातून, यझ्द वगैरे भागातून आलेल्यांनी नाक्यानाक्यावर चहा-पावाची इराणी हॉटेलं टाकली. धोबी तलावचं कयानी 1904 चं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान 1914 चं. बन मस्का, ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव आणि पाणी कम चाय, सोबत खिमा. म्हणजे मटणाचा बारीक खिमा आणि पाव हे कॉम्बिनेशन अमेरिकन चेन यायच्या कितीतरी आधी मुंबईत मजेत चालू होतं, फक्त खिमा पावाच्या आत न बसता बाजूला बशीत बसायचा एवढाच फरक 😄

खरं मार्केट तयार केलं गिरण्यांनी. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला आणि पुढे कोकणातून, घाटावरून माणसं येतच राहिली. बहुतेक एकटेच, बायकापोरं गावी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. ज्यांची सोय होती ते खानावळीत जेवायचे, गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खानावळी होत्या म्हणून कित्येकांची पोटं भरली. पण पाळी सुटली की मधल्या वेळेला उभ्याउभ्या, स्वस्तात, हात धुवायला पाणी नसलं तरी चालेल असं काहीतरी लागायचं आणि त्यात पाव अगदी फिट बसला. पावभाजीची गोष्ट 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवी युद्धापर्यंत नेऊन भिडवतात, की तेव्हा कापसाचा बाजार तेजीत होता आणि रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्यांसाठी उरलेल्या भाज्या तव्यावर ठेचून पावासोबत द्यायला लागले. दंतकथा म्हणून झकास आहे. आजची बटर तरंगणारी पावभाजी मात्र मला बऱ्यापैकी अलीकडची वाटते.

वडापावचं श्रेय साधारण अशोक वैद्य यांना देतात, 1966, दादर स्टेशनच्या बाहेर. ते बटाटेवडे विकायचे, शेजारच्या गाडीवर ऑम्लेट-पाव मिळायचा, तिथूनच वडा पावात घालायची आयडिया सुचली असं सांगतात. दावेदार आणखीही आहेत, त्या भांडणात मी पडत नाही. वर्ष मात्र बघा, त्याच 1966 च्या जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली, मराठी पोरांनी नोकरीच्या मागे न लागता धंदा करावा अशी हाक होती, उडप्यांच्या इडली-डोशासमोर आपलं काहीतरी हवं होतं, आणि वड्याच्या गाडीला भांडवल ते किती लागतं? स्टो, कढई, बेसन, बटाटे आणि बेकरीतून उधारीवर पाव. मग 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बरेचसे परत कधी आत गेलेच नाहीत. घर चालवायला अनेकांनी वड्याच्या गाड्या टाकल्या. म्हणजे आधी गिरणी कामगाराने खाल्लेला पदार्थ नंतर त्यालाच विकायला लागला. वडापाववर कौतुकाने बोलताना हा भाग आपण सोयीस्कर विसरतो. 2009 मध्ये शिवसेनेने शिववडापाव आणला तेव्हा राजकारण उघड दिसलं, पण ते आत होतंच की पहिल्यापासून.

आता पाव विरुद्ध बन, कारण बर्गरवाल्यांशी वाद घालायचा तर हे माहीत पाहिजे. लादीपावाचे गोळे ट्रेमध्ये एकमेकांना खेटून लावतात, भट्टीत फुगले की चिकटतात, म्हणून वरून आणि खालून खरपूस पण चारी बाजूंनी उघडा मऊ गाभा. वडेवाला त्याचं पोट फाडतो, पूर्ण तुकडे करत नाही, आत सुकी लसणाची चटणी, हिरवी चटणी, वर तेलातला चुरा, आणि तो उघडा गाभा वड्याचं तेल आणि चटणी पिऊन घेतो. बर्गरचा बन सुटा भाजलेला असतो, सगळीकडून कवच, जरा गोडसर, कारण त्याला पॅटीचा रस आणि सॉस आत धरून ठेवायचा असतो. बनमध्ये वडा घालून बघा, कोरडा लागतो. उलट लादीपावात रसरशीत पॅटी घातली की पाचव्या मिनिटाला लगदा. त्यामुळे ‘वडापाव म्हणजे बर्गरच’ हे मला तरी पटत नाही.

बर्गर मुंबईला अगदीच नवा नव्हता. बेकरीच्या काचेच्या कपाटात गोल बन, आत कटलेट, कोबी, काकडीची चकती आणि लालभडक केचप, हा प्रकार आमच्या पिढीने बर्गर म्हणूनच खाल्लाय आणि आवडीने खाल्लाय. ऑक्टोबर 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्स आधी दिल्लीत आणि लगेच वांद्र्याला लिंकिंग रोडवर आलं, तेही बीफ आणि पोर्कशिवाय, महाराजा मॅकमध्ये सुरुवातीला मटण होतं. नंतर मॅकआलू टिक्की आली, आणि पावात बटाटा खायला मुंबईकराला कोण शिकवणार! चक्र उलटं पण फिरलं. 2001 मध्ये मालाड स्टेशनजवळ जम्बोकिंग सुरू झालं, वडापाव पण फास्टफूड चेनच्या पद्धतीने, आणि पुढे तेच स्वतःला इंडियन बर्गर म्हणवायला लागले. घ्या! 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आणखी कडक झाला, बैलाचं मांसही बंद झालं, म्हशीचं चालू राहिलं, म्हणून वांद्रे-कुलाब्याकडच्या मेनूत ‘बफ’ बर्गर लिहिलेलं दिसतं. कच्छच्या मांडवीतली दाबेली मध्येच कधीतरी येऊन तव्यावर बसली, तिला मी वेगळं पान देईन.

हे सगळं आत्ता काढायचं कारण म्हणजे भट्ट्या. 9 जानेवारी 2025 ला मुंबई हायकोर्टाने हवेच्या प्रदूषणाच्या याचिकेत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. यात तथ्य आहे, कारण बऱ्याच ठिकाणी सरपण म्हणजे भंगारातलं फर्निचर आणि प्लायवूड, त्याचा धूर कोणाच्याच छातीला चांगला नाही, आणि सगळ्यात आधी तो जातो भट्टीसमोर रात्रभर उभ्या असलेल्या, बरेचदा उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिराच्या छातीत. बेकरीवाल्यांचं म्हणणं की जुनी विटांची भट्टी तापून राहते तसं गॅसवर होत नाही, ब्रूनला ते कडक कवच येत नाही, आणि बदलायचा खर्च लादीमागे सुटणाऱ्या थोडक्या पैशांतून कसा काढायचा. चवीचं म्हणणं मला थोडं ताणलेलं वाटतं, लादीपाव गॅसवरही मऊ होतो. खर्चाचं मात्र खरं आहे, कारण लादीला दोन रुपये वाढले की वडेवाला लगेच वड्याचा भाव वाढवत नाही, आधी वड्याचा साइज कमी करतो.