प्रॉक्सी अडवणारा फायरवॉल नव्हे
एनजिनएक्स या वेब-सर्व्हर प्रोग्रामचा प्रॉक्सी, म्हणजे आलेल्या विनंत्या आतल्या सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ, ८० आणि ४४३ या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या क्रमांकित जोडणी-दारांवर, चालतो, पण ८०९० वर सुरूच होत नाही, तेव्हा फायरवॉल आडवा आला, असे कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणारे अनेक जण मानतात. हा समज चुकीचा आहे. फायरवॉल येणारी-जाणारी वाहतूक अडवतो. प्रोग्रामला पोर्ट ताब्यात घेण्यापासून तो रोखत नाही.

खरे कारण नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, सापडते. तेथे त्रुटी क्रमांक ९८ असेल, तर ते पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामकडे आहे. क्रमांक १३ असेल आणि सेवा रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून सुरू होत असूनही परवानगी नाकारली जात असेल, तर रॉकी किंवा फेडोरासारख्या लिनक्सवर बहुधा एसई-लिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा कारणीभूत असते, कारण त्याच्या धोरणात वेब-सेवेसाठी ८०, ४४३, ८४४३, ९००० अशी ठरावीकच पोर्ट नोंदलेली असतात आणि ८०९० त्यांत नसते. १०२४ च्या खालच्या पोर्टसाठी रूटचे अधिकार लागतात, ही अट येथे गैरलागू आहे.

एसई-लिनक्स बंद केल्यावर प्रॉक्सी चालू होतो खरा. पण तो उपाय नव्हे, निष्काळजीपणा आहे. एसई-लिनक्सचे धोरण बदलणाऱ्या ‘सेमॅनेज’ आज्ञेने ८०९० ला वेब-पोर्टचे लेबल द्यावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. फायरवॉलमध्ये ते पोर्ट उघडण्याचे काम त्यानंतरचे.