तोंड नसलेला कृमी आणि सोयाबीनची गाठ

विदर्भातील शेतकरी पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम या जिवाणूंचे संवर्धक चोळतो, ते सावलीत सुकवतो आणि पुढे झाड उपटून मुळावरची गाठ नखाने फोडतो. ती आतून गुलाबी निघाली, की जिवाणू कामाला लागले असे तो समजतो. ही गाठ बियात नसते, जिवाणू मुळाच्या केसातून आत शिरल्यावर झाड ती घडवते. समुद्रतळावरचा रिफ्टिया हा नलिकाकृमीही आपला एक अवयव अशाच पाहुण्यांसाठी घडवतो, हे कळायला मात्र जवळपास तीन दशके लागली.

१९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोल उतरलेल्या ‘ॲल्विन’ पाणबुडीच्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ होते. उष्ण झऱ्यांच्या शोधात निघालेल्या त्या चमूत जीवशास्त्रज्ञ नव्हता. झऱ्यांभोवती माणसाहून लांब वाढणारे कृमी सापडले, पण त्यांना तोंडही नव्हते आणि आतडेही. प्राणिशास्त्रज्ञ मेरेडिथ जोन्स यांनी हार्वर्डमधील एका व्याख्यानात कृमीच्या धडातील ट्रोफोसोम या मऊ अवयवात गंधकाचे स्फटिक असल्याचे सांगितले, तेव्हा श्रोत्यांतील विद्यार्थिनी कॉलीन कॅव्हनॉ यांनी तेथे गंधकावर जगणारे जिवाणूच असणार, असे तिथल्या तिथे सुचवले. १९८१ मध्ये त्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून हे जिवाणू कार्बनी अन्न तयार करतात आणि कृमी त्यावर पोसला जातो.

हे जिवाणू येतात कोठून? अंड्यांत ते आढळत नाहीत, आणि कोवळ्या कृमीला काही काळ तोंड व आतडे असते. म्हणून तो त्यांना गिळतो आणि आतड्याचाच ट्रोफोसोम होतो, अशी समजूत रूढ झाली. ती तर्काला धरून होती, पण चुकीची होती. आंद्रेआ नुसबाउमर, चार्ल्स फिशर व मोनिका ब्राइट यांनी अगदी लहान कृमींचे पातळ काप तपासून २००६ मध्ये दाखवले, की जिवाणू त्वचेतून शिरून मध्यस्तराच्या, म्हणजे त्वचा आणि आतडे यांच्यामधल्या थराच्या, ऊतीत पोहोचतात आणि तेथेच ट्रोफोसोम आकार घेतो. तो स्थिरावला की त्वचेतील व इतर ऊतींतील पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात आणि नवा शिरकाव थांबतो.

गाठीची गुलाबी छटा आणि कृमीच्या तुऱ्याचा लाल रंग, दोन्ही हिमोग्लोबिनच्या जातीच्या प्रथिनांमुळे येतात. साम्य येथेच थांबवावे: गाठीतले जिवाणू झाडाची साखर खाऊन नत्र देतात, कृमीतले जिवाणू अन्नच देतात. कृमी मेल्यावर मात्र ते जिवंत बाहेर पडून पुन्हा समुद्राच्या पाण्यात मिसळतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले. सोयाबीनची गाठ कुजल्यावर तिच्यातले जिवाणूही असेच मातीत परततात.