टिपरेआजोबांच्या मालिकेत गुंड्याभाऊ नाही

भाचीने परवा विचारलं, ‘‘मामा, टिपरेआजोबांचा तो मिशीवाला गुंड्याभाऊ नक्की कुठल्या भागात येतो?’’ कुठल्याच भागात येत नाही, गुंड्याभाऊ चिमणरावांच्या मालिकेतला, हे ऐकून ती हिरमुसली. तिची चूक नव्हती. चिमणराव काय, आबा टिपरे काय, दोघंही दिलीप प्रभावळकरच. दोघंही मध्यमवर्गीय घरातले, दोघांच्या मालिका छापील मजकुरातून आलेल्या, आणि मजकूर दोन्हीकडे ‘मी’ने सुरू होणारा. गोंधळ व्हायचाच.

आधी काळ बघू. चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आले ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, कृष्णधवल. वाहिनी एकच, आणि तीही दिसायची ती मुंबईत नाहीतर सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या कृपेने पुण्याकडे. तेव्हा ‘अख्खा महाराष्ट्र चिमणराव बघायचा’ असं कुणी सांगितलं, तर नागपूरच्या माणसाला विचारून घ्यावं. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आले 2001 मध्ये, अल्फा मराठीवर (आताची झी मराठी), केबल घरोघरी पोचल्यानंतर.

खरा फरक मात्र माणसांत आहे. चिमणराव प्रभावळकरांना तयार मिळाले. ते चिं. वि. जोशींचे (1892–1963). पाली भाषेचा हा अभ्यासक स्वभावाने मिश्कील. 1940 च्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात चिमणराव झाले होते दामुअण्णा मालवणकर. म्हणजे भूमिका आधी कुणीतरी वठवलेली, आणि वाचकांच्या मनात तर प्रत्येकाचा आपापला चिमणराव ठाण मांडून बसलेला. टिपरे उलट प्रभावळकरांच्याच लेखणीतून उतरले. ‘लोकसत्ता’तल्या त्यांच्या ‘अनुदिनी’ या सदरातली ही रोजनिशी, केदार शिंदेंनी तिची मालिका केली.

आता विनोद. पुस्तकातले चिमणराव आपल्या फजित्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना आपण हास्यास्पद झालोय हे त्यांच्या गावीही नसतं. ते वाचकाला कळतं, त्यांना नाही. पडद्यावर ही गंमत निसटायची भीती असते, कारण तिथे चिमणराव सांगत नाहीत, ते नुसते समोर दिसतात. प्रभावळकरांनी ती चेहऱ्यावर आणली. कितीही घोटाळा होवो, चिमणराव गंभीर. हसवायचा प्रयत्न म्हणून नाहीच. शेजारी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, अंगाने दणकट आणि आवाजाने त्याहून. एकाने बेत आखायचा, दुसऱ्याने तो अंगावर ओढून घ्यायचा. ही जोडगोळी फोडली तर अर्धी मालिका जाते. काऊ, मोरू, मैना, राघू ही घरची मंडळी आहेतच, पण नाव तोंडात येतं ते ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ असं एका दमात.

टिपऱ्यांना जोडीदार नाही, गरजही नाही. आबांना सगळं दिसतं. मुलगा शेखर (राजन भिसे) आणि सून श्यामला (शुभांगी गोखले) यांची कुरबुर, नातू शिऱ्याचे उद्योग, शलाकाचे रुसवेफुगवे. घर त्यांच्या तालावर चालत नाही, आणि चालावं असा हट्टही नाही. दिवस संपला की वही उघडायची. इथे हसू येतं ते आबांच्या फजितीपेक्षा त्यांच्या नजरेला. चिमणराव गोष्टीच्या मध्यभागी आपटतात, टिपरे कडेला बसून टिपतात. (नावातच टिपणं आहे, हा माझा तर्क, लेखकाने तसं ठरवलं होतं का, कोण जाणे.)

वयाचंही एक. प्रभावळकरांचा जन्म 1944 चा. पोराबाळांचा बाप चिमणराव त्यांनी तिशीच्या मागेपुढे केला, आणि निवृत्त आजोबा साठी गाठायच्या आधी.

पोशाखावरून ओळखायचं तर सोपं आहे. चिमणराव दूरदर्शनवर आले तेव्हाही जुन्या काळातलेच होते, आजोबांच्या तसबिरीतून उतरल्यासारखे. ती स्वातंत्र्यापूर्वीची दुनिया. टिपऱ्यांचं घर मात्र तेव्हाच्या कुठल्याही शेजाऱ्याचं असावं असं. म्हणूनच टिपरे बघताना आई अधूनमधून बाबांकडे बघायची. चिमणराव बघताना आजीने आजोबांकडे असं पाहिल्याचं कुणी सांगत नाही. तिथे सगळ्यांची नजर गुंड्याभाऊ आता काय करतो याच्यावर.

भाचीला मी टिपरे बघायला सुचवलं. तिने चौथ्या भागानंतर कळवलं, ‘‘शिऱ्या म्हणजे आपला दादाच.’’ गुंड्याभाऊची चौकशी पुन्हा केली नाही.