सांबऱ्यात विमान शिकायचंय? विद्यार्थी वैमानिक परवान्याची पात्रता, कागदपत्रं आणि तोंडी परीक्षेतला इंधनाचा प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांना विमान शिकायला आता लांब जावं लागत नाही, सांबरा विमानतळावर प्रशिक्षण चालतं. सुरुवात होते ती विद्यार्थी वैमानिक परवान्यानं, म्हणजे एसपीएलनं. तो असल्याशिवाय एकट्यानं विमान उडवता येत नाही.

वय १६ पूर्ण आणि दहावी पास, एवढी मूळ पात्रता. पुढे व्यावसायिक परवाना हवा असेल तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. हे विषय नसतील तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयामधून देता येतात.

एसपीएलसाठी वैद्यकीय तपासणी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) मान्यताप्राप्त डॉक्टरकडे, वर्ग २ ची. व्यावसायिक परवान्याला वर्ग १ लागतो, आणि ती तपासणी बेंगळूरच्या हवाई दलाच्या संस्थेतही होते. फी भरण्याआधीच डोळे आणि रंगदृष्टी नीट तपासून घ्या, असं मी पालकांना आग्रहानं सांगेन. लाखो रुपये गुंतल्यावर दोष कळणं फार वाईट.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, आधार, फोटो, सही आणि वैद्यकीय दाखला. आपल्या भागात घोळ होतो तो नावाचा. एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) गुणपत्रिकेवर ‘पाटील एस. बी.’ आणि आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, असं अनेकांचं असतं. अर्जाआधीच ते एकसारखं करून घ्या. पुढच्या परवान्यांसाठी डीजीसीएच्या परीक्षा द्यायला संगणक क्रमांक (परीक्षार्थीचा ओळख क्रमांक) लागतो, तो काढताना बोर्डाकडून गुणपत्रिकांची पडताळणी लागते. दहावी कर्नाटकात आणि बारावी चंदगड-कोल्हापूरकडे झाली असेल तर दोन बोर्डांचे हेलपाटे, म्हणून हे काम लवकर हाती घ्या.

एसपीएलसाठी मात्र प्रशिक्षण संस्थेतच तोंडी परीक्षा होते: हवाई नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमान-इंजिन. शेवटच्या विषयात उड्डाणपूर्व तपासणी येते, आणि तिथं इंधनाचा प्रश्न हमखास विचारला जावा, इतका तो महत्त्वाचा आहे. सेस्ना १७२ सारख्या प्रशिक्षणाच्या छोट्या विमानात बहुधा १००एलएल हे निळसर पेट्रोल असतं. टाकी अर्धवट रिकामी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचतं. पावसाळ्यात झाकणाचं रबर खराब असलं तर थेट पाऊसच आत जातो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि इंजिन ऐन उड्डाणात बंद पाडू शकतं.

म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर, पाणी बसायला थोडा वेळ देऊन, प्रत्येक ड्रेनमधून (इंधन काढायची तळाची झडप) नमुना काढायचा. १७२ एस मॉडेलमध्ये असे १३ ड्रेन असतात. पारदर्शक नळी उजेडात धरून बघा: तळाशी थेंब, गाळ, गंज आहे का? रंगही बघा. पूर्ण नमुनाच पाण्याचा असेल तर थर दिसत नाही, सगळं एकसारखं स्वच्छ वाटतं आणि नवखा फसतो. निळी छटा नसेल तर थांबा. जेट इंधन मिसळल्याची शंका आली तर नमुन्याचा थेंब कागदावर टाका. पेट्रोल उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो. पाणी निघालं तर स्वच्छ नमुना येईपर्यंत काढत राहायचं, तरीही येत नसेल तर उड्डाण रद्द करून अभियंत्याला बोलवायचं.