पेट्रोल पंप आणि वजनकाट्यांची पडताळणी (महाराष्ट्र)

पेट्रोल पंपाचं नोझल असो, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा असो की साखर कारखान्याच्या गेटवरचा भुईकाटा (अख्खी गाडी तोलायचा काटा), ज्याच्यावर मोजून पैसे घेतले जातात असं कुठलंही साधन सरकारी निरीक्षकाने तपासून शिक्का मारल्याशिवाय वापरता येत नाही. कागदोपत्री हे काम 'पडताळणी व मुद्रांकन', दुकानदारांच्या तोंडी नुसतं 'पासिंग'. कायदा केंद्राचा आहे, वैधमापन शास्त्र अधिनियम २००९, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला, पण अंमलबजावणी राज्याकडे, त्यामुळे महाराष्ट्रात अन्न व नागरी पुरवठा खात्याखालची वैधमापन शास्त्र यंत्रणा हे बघते, जुने व्यापारी अजूनही तिला वजनमापे खातंच म्हणतात.

किती दिवसांनी पासिंग करायचं हे साधनावर ठरतं. इलेक्ट्रॉनिक काटे, भुईकाटे, पेट्रोल पंप, टँकर यांना दर १२ महिन्यांनी, लोखंडी वजनं, दांडीचा तराजू, लिटरची मापं, कापडवाल्याचा मीटर यांना २४ महिन्यांनी, आणि इंधन साठवायच्या मोठ्या टाक्यांना ६० महिन्यांनी. मध्येच मशीन बिघडून दुरुस्त केलं तर आधीचं पासिंग संपलं, परत शिक्का घ्यायचा, आणि दुरुस्ती पण परवाना असलेल्या माणसाकडूनच करायची. सर्टिफिकेट दुकानात दिसेल असं लावायचं असतं, ते बऱ्याचदा देवाच्या फोटोमागे सापडतं हा भाग वेगळा. शिक्क्यात वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर असतं, जानेवारी ते मार्च ए, पुढची तिमाही बी, असं. लोखंडी वजन उलटं करून बघितलं की खाली एका भोकात शिसं भरलेलं दिसतं, शिक्का त्या शिशावर ठोकतात, म्हणजे कोणी वजन हलकं करायला ते शिसं उकरलं तर शिक्काही गेला.

पंपाची तपासणी ५ लिटरच्या मापाने होते. हे माप म्हणजे वर अरुंद मान असलेलं धातूचं भांडं, मानेवर मिलिलिटरच्या रेघा. आधी एकदा भरून रिकामं करतात कारण कोरड्या भांड्याला आतून थोडं पेट्रोल चिकटून राहतं आणि तेवढंच कमी दिसतं, मग सपाट जागी ठेवून मीटर शून्यावर आणून ५ लिटर सोडतात आणि मानेवरची रेघ वाचतात. चालणारा फरक अर्धा टक्का, म्हणजे ५ लिटरला २५ मिली वर किंवा खाली. त्याच्या बाहेर गेलं की ते नोझल बंद, मीटर अ‍ॅडजस्ट करून परत पासिंग होईपर्यंत विक्री नाही. ४० लिटरच्या टाकीला हा अर्धा टक्का म्हणजे २०० मिली होतो. ही सूट मशीनच्या मर्यादेसाठी आहे, मालकाच्या फायद्यासाठी नाही, पण सगळी नोझल ५ लिटरला बरोब्बर उणे २० मिलीवर बसवलेली असतील तर ती सूट कशी वापरली जातेय ते कळतंच. हेच ५ लिटरचं माप पंपावर कायम ठेवावं लागतं आणि कुठल्याही गिऱ्हाईकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, फक्त मागतो कोण, मागे लाईन लागलेली असते. १०० ऐवजी ११० चं टाका, किंवा पहाटे थंडीत भरा म्हणजे जास्त मिळतं, असल्या फॉरवर्डना काही अर्थ नाही, टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

निरीक्षक वर्षातून एकदा येणार, बाकीचे दिवस सगळा विश्वास सीलवर. पंपाच्या आत एक मीटरिंग युनिट असतं, पेट्रोल गेलं की त्याचा दांडा फिरतो, त्याला जोडलेला पल्सर प्रत्येक फेरीला ठराविक पल्स, म्हणजे विजेचे ठोके, पाठवतो आणि डिस्प्ले ते पल्स मोजून लिटर आणि रुपये दाखवतो. म्हणून तार आणि शिशाचं सील मीटरिंग युनिटला पण असतं आणि पल्सरला पण. २०१७ च्या एप्रिलमध्ये लखनौला उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफने (विशेष पथकाने) धाडी टाकल्या तेव्हा पंपात रिमोटवर चालणाऱ्या चिप सापडल्या, चिप जास्तीचे पल्स घुसवायची, डिस्प्लेवर लिटर पळायचे आणि टाकीत कमी पडायचं. तपासणीला कोणी आलं की रिमोटने बंद, मग माप एकदम ओके. त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रातल्या पंपांवर कारवाई सुरू केली तिथेही पल्सरमध्येच छेडछाड निघाली. अशा वेळी ५ लिटरचं माप एकटं पुरत नाही, मशीन उघडून सील आणि आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बघावंच लागतं. आणि पेट्रोलमध्ये भेसळ आहे का हा या खात्याचा विषयच नाही, इथे फक्त किती दिलं ते मोजतात.

दुकानातल्या काट्यांचे अचूकतेप्रमाणे चार वर्ग आहेत. किराणा-भाजीचे साधारण तिसऱ्या वर्गात येतात, सोन्याचांदीला दुसरा वर्ग. ३० किलोचा, ५ ग्रॅमच्या टप्प्याचा नेहमीचा काटा घेतला तर पासिंगच्या वेळी अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, १० किलोपर्यंत ५ ग्रॅम आणि त्यावर साडेसात ग्रॅम एवढा फरक चालतो, नंतर वापरात असताना अचानक तपासणी झाली तर याच्या दुप्पट. काट्यावरची पट्टी नीट वाचली तर कमीत कमी वजन पण लिहिलेलं असतं, या काट्याला ते १०० ग्रॅम, म्हणजे त्यावर ५० ग्रॅम लसूण तोलणं नियमात बसतच नाही, आणि भाजीवाले दिवसभर तेच करत असतात.

खरी भांडणं भुईकाट्यावरून होतात. उसाचा दर टनावर, त्यामुळे भरलेल्या ट्रॉलीमागे एखादं क्विंटल उडालं तरी हंगामात केवढं होतं याचा हिशोब शेतकरी बसल्याबसल्या करतो, आणि काटामारी हा शब्द प्रत्येक गळीत हंगामात पेपरात येतोच. भुईकाट्याच्या मालकाने क्षमतेच्या एक दशांश किंवा एक टन, यातलं जे कमी असेल तेवढी पासिंग केलेली वजनं जागेवर ठेवायची असतात. पण ५० टनी काट्यावर एक टन ठेवून तो बरोबर दाखवला म्हणजे ३० टनाला पण बरोबर दाखवेल असं नाही. म्हणून महसूल, पोलीस, वैधमापन आणि शेतकरी प्रतिनिधी अशी भरारी पथकं पाठवतात, ती वजन झालेली गाडी परत काट्यावर घेतात. बाहेरच्या खासगी काट्यावर तीच गाडी तोलून पावत्या शेजारी ठेवणं हा शेतकऱ्याचा स्वतःचा उपाय, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त चालतो.

निरीक्षकाची वजनं तरी बरोबर कशावरून, तर तीही दरवर्षी वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडून बघावी लागतात, ती त्याहून वरच्यांशी, असं करत साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, जिथे भारताचा किलोग्रॅम, म्हणजे आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची ५७ नंबरची प्रत, ठेवलाय.

तक्रार जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर करता येते. पंपाची असेल तर बिल, वेळ आणि नोझलचा नंबर लिहून ठेवा, कारण पासिंग पंपाचं एकत्र नसतं, प्रत्येक नोझलचं वेगळं मोजतात आणि नंबर नसेल तर निरीक्षकाला कुठलं उघडायचं तेच कळत नाही.