सेप्सिस, वृद्ध रुग्णांमधील

शरीरात कोठेही जंतुसंसर्ग झाला असता त्याला मिळणारा प्रतिसाद बेताल होऊन स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात, त्या जीवघेण्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. म्हातारपणी तिची लक्षणे इतकी बदलतात की तिचा स्वतंत्र विचार करावा लागतो. अमेरिकेतील १९७९ ते २००२ या काळातील नोंदींनुसार ६५ वर्षांवरील व्यक्ती लोकसंख्येत सुमारे १२ टक्के, पण सेप्सिसच्या रुग्णांत जवळजवळ ६५ टक्के होत्या. सांगली व सातारा भागात नातेवाईक याच अवस्थेला ‘इन्फेक्शन रक्तात उतरलं’ असे म्हणतात.

संज्ञा : मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजणे असा आहे. त्याचे क्रियापद होमरच्या काव्यात येते. त्या काव्याचा काळ साधारणपणे इ. स. पू. आठवे शतक मानतात. मराठी वैद्यकीय लेखनात ‘जंतुविषरक्तता’ व ‘पूयरक्तता’ या संज्ञा आढळतात. दोन्ही शब्दांत दोष रक्तात असल्याचे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात सेप्सिसच्या अनेक रुग्णांत रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू सापडतच नाहीत, त्यामुळे या संज्ञा आजच्या अर्थाला अपुऱ्या पडतात. ‘पूतिता’ हा शब्द अर्थाने जवळचा असला तरी व्यवहारात रुळला नाही.

आयुर्वेदातील सन्निपातज्वर (वात, पित्त व कफ हे तिन्ही दोष एकत्र बिघडून येणारा ताप) म्हणजेच सेप्सिस, असे मत काही लेखक मांडतात. चरकसंहितेत दोषांच्या कमीअधिक प्रमाणानुसार सन्निपातज्वराचे १३ प्रकार सांगितले आहेत. प्रलाप, तंद्रा, मोह, कधी दाह तर कधी थंडी ही वर्णने सेप्सिसच्या रुग्णाशी जुळतात, हे खरे. परंतु ती विषमज्वर (टायफॉइड), मस्तिष्कावरणशोथ (मेंदूच्या आवरणाचा दाह) किंवा तीव्र हिवताप यांनाही तितकीच लागू पडतात. म्हणून वर्णनातील साम्य मान्य करून एकरूपता न मानणे अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्याच परंपरेतून बोलीत उतरलेला ‘वात होणे’ हा प्रयोग दुर्लक्षू नये. ‘आजी कालपासून वातात बरळतेय’ या वाक्यात घरच्यांनी वृद्धातील सेप्सिसचे अनेकदा सर्वांत पहिले चिन्ह अचूक टिपलेले असते.

व्याख्येचा वाद : जंतूंपेक्षा शरीराचा प्रतिसादच रुग्णाला मारतो, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम ऑस्लर या नामवंत वैद्याच्या लेखनात दिसतो. मोजता येईल अशी व्याख्या मात्र १९९१ च्या अमेरिकी परिषदेत ठरली व १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तापमान ३८° से. पेक्षा जास्त किंवा ३६° से. पेक्षा कमी, नाडी मिनिटाला ९० च्या वर, श्वास २० च्या वर, रक्तातील पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरमागे १२,००० पेक्षा जास्त किंवा ४,००० पेक्षा कमी. यांपैकी दोन गोष्टी आणि संसर्गाचा संशय एवढे पुरे होते. ही चाळणी एकीकडे फार सैल होती, कारण साध्या फ्लूचा तरुण रुग्णही तीत सापडे. दुसरीकडे गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी सुमारे २० ते ३० टक्के जणांना ताप येत नाही किंवा अगदी किरकोळ येतो आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर (नाडी मंदावणारे औषध) चालू असेल तर नाडीही वाढत नाही. असा रुग्ण तीतून निसटे.

२०१६ मध्ये व्याख्या बदलून अवयवांच्या बिघाडावर भर देण्यात आला. फुप्फुसे, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट), यकृत, रक्ताभिसरण, मेंदू व मूत्रपिंड यांना प्रत्येकी ० ते ४ गुण देणाऱ्या ‘सोफा’ पद्धतीत संसर्गामुळे २ किंवा अधिक गुणांची वाढ झाली तर सेप्सिस मानतात. पुरेसे सलाइन देऊनही सरासरी रक्तदाब (वरच्या व खालच्या दाबांवरून काढलेला) ६५ राखण्यासाठी औषध लागत असेल आणि लॅक्टेट (ऊतींना रक्तपुरवठा अपुरा पडल्यास रक्तात वाढणारा पदार्थ) लिटरमागे २ मिलिमोलच्या वर असेल तर तो सेप्टिक शॉक. त्यात रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आढळले. खाटेशेजारी वापरण्यासाठी श्वास २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी आणि बदललेली शुद्ध अशी त्रिसूत्रीही सुचवली गेली. पण केवळ तिच्यावर विसंबून चाळणी करू नये, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

वृद्धांच्या बाबतीत या दोन्ही व्याख्यांहून एक गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे त्या व्यक्तीची पूर्वस्थिती. एरवी वरचा रक्तदाब १६० असणाऱ्या आजोबांना ११० हा आकडा ‘नॉर्मल’ नसतो. स्नायू झिजलेले असल्याने मूत्रपिंड बिघडूनही क्रिॲटिनिन (स्नायूंतून येणारा व मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातील पदार्थ) फारसे चढत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाची शुद्ध कितपत बदलली हे परक्या डॉक्टरला कळत नाही, आणि ऐकायचे यंत्र घरी राहिले असेल तर मुळीच नाही. त्यामुळे ‘परवापर्यंत कशा होत्या, चालत होत्या का, माणसे ओळखत होत्या का’ हा प्रश्न तपासणीचाच भाग समजला पाहिजे. जेवण अचानक तुटणे, अंथरुणात लघवी होणे, कारण नसताना पडणे ही चिन्हे तापापेक्षा अधिक बोलकी असतात. ‘वयामुळे असेल’ म्हणून ती सोडून देणे फार महाग पडते.

उगम : फुप्फुसे, मूत्रमार्ग, पोट व त्वचा ही नेहमीची ठिकाणे. शिवाय पुरुषांत वाढलेले पूरस्थ (प्रोस्टेट ग्रंथी), स्त्री-पुरुष दोघांत लघवीसाठी घातलेली नळी व शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा). ऊस व हळदीच्या रानात अनवाणी वावरणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याच्या बधिर पायाची जखम दिवसेंदिवस कळत नाही, हे या पट्ट्यात विशेष लक्षात ठेवावे. वृद्धांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडू शकतात. तेवढ्यावरून निदान केल्यास खरा उगम राहून जातो. भारतातील अतिदक्षता विभागांत क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू हा मोठा अडसर आहे.

उपचार : शॉक असल्यास पहिल्या तासात प्रतिजैविक, त्याआधी शक्य तर कल्चरसाठी रक्त, पहिल्या तीन तासांत किलोमागे किमान ३० मिलि. द्रव आणि गरजेप्रमाणे नॉरॲड्रेनलिन (रक्तदाब वाढवणारे औषध) ही सर्वमान्य चौकट आहे. २००६ मधील एका बहुचर्चित अभ्यासात शॉकच्या रुग्णांत प्रतिजैविकाच्या विलंबाच्या दर तासागणिक जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कडक झालेल्या हृदयाला ओघाने दिलेले सलाइन फुप्फुसात साठू शकते, म्हणून वृद्धांत ते टप्प्याटप्प्याने देऊन दर वेळी पुन्हा तपासणे इष्ट. रक्तदाबाच्या लक्ष्याबद्दल मतभेद आहेत. ६५ वर्षांवरील रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरासरी रक्तदाबाचे लक्ष्य ६० ते ६५ ठेवल्याने नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत ९० दिवसांतील मृत्यू वाढले नाहीत (४१.० विरुद्ध ४३.८ टक्के, फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नाही). त्यामुळे औषधाचा डोस चढवून अधिक दाबाच्या मागे न लागण्याकडे कल वाढला आहे.

स्थानिक संदर्भ : मिरजेला १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, कराडला १९८४ मध्ये व अलीकडे साताऱ्यातही महाविद्यालय झाले. त्यामुळे जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत रुग्णाचा ‘बीपी लागत नाही’ म्हटले की पुढचे वाक्य ‘मिरजेला हलवा’ किंवा ‘कराडला न्या’ हेच असते. प्रवासातला वेळ हा उपचारातूनच वजा होतो. निघण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी पहिले प्रतिजैविक देऊन त्याची वेळ चिठ्ठीवर लिहिणे सर्वांत उपयोगी पाऊल ठरते.

निर्णय व नंतरचे जीवन : अतिदक्षता विभागात घ्यावे की नाही हे केवळ वयावरून ठरवू नये, आजारापूर्वीची दुर्बलता अधिक नेमके सांगते. निरर्थक उपचार थांबवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला (उपचारांबाबत आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला) मान्यता दिली व २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. वाचलेल्यांचे दुखणे घरी गेल्यावर संपत नाही. २०१० मधील एका अमेरिकी अभ्यासात तीव्र सेप्सिसमधून वाचलेल्या वृद्धांत मध्यम ते तीव्र बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण ६.१ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर गेले होते. घरी आलेली आई नातवाचे नाव विसरते, न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागते. अशा वेळी व्यायामोपचार, गिळण्याची तपासणी आणि औषधांच्या यादीची छाननी पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करावी लागते.